मोठ्यानं वाचलेला कागद

सोमवार, ९ ऑक्टोबर

ताई,

वाकून नमस्कार करायला तू समोर नाहीस, आणि असतीस तरी पाय मागे घेतले असतेस. म्हणून इथूनच हात जोडतो.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावजयीला, म्हणजे माझ्याच बायकोला विचारलं, तर म्हणाली, "त्या म्हणतात, फोनवर माणूस निसटतो. काय ते लिहून पाठव म्हणावं." आपल्या दोघांच्या मध्ये राहून ती आता पोस्टमनसारखी झाली आहे. निरोप पोचवते, मत देत नाही.

तर लिहितो. परदेशात येऊन हा पाचवा आठवडा. एका शिंप्याच्या दुकानावर खोली मिळाली आहे. खाली दिवसभर मशीन चालतं आणि माझा पलंग वर त्याच्या तालात थरथरतो. पहिल्या सकाळी दिवा लावला, तर छताला बसवलेली धूर ओळखणारी डबी अशी किंचाळली की शिंपी हातात कात्री घेऊन धावत वर आला. तेव्हापासून देवापुढं नुसते हात जोडतो. देवाकडून अजून तक्रार नाही.

कामाचं सांगतो. इथं पिठाच्या मोठाल्या गिरण्या आहेत. एकेका यंत्रात चाळणीच्या वीस-वीस चौकटी एकावर एक रचलेल्या. जाळी फाटली किंवा सैल पडली की चौकट दुसऱ्या टोकाच्या शहरात पाठवतात आणि तीन आठवडे वाट बघत बसतात. मी म्हटलं, मी इथंच कारखाना काढतो, चार दिवसांत नवी जाळी ताणून देतो. एका गिरणीच्या फोरमननं परीक्षा घेतली. दहा चौकटी भिंतीला लावून ठेवल्या. मी नखानं एकेक वाजवत गेलो आणि दोन बाजूला काढल्या. मग त्यानं आपलं ताण मोजायचं यंत्र लावलं. त्याच दोन सैल निघाल्या! त्यानं माझं बोट हातात धरून उलटंसुलटं करून पाहिलं, जणू आत काही बसवलं आहे.

त्याला मी सांगितलं, माझी तीस वर्षं यात गेली. खरं तर मी तीस वर्षं गिऱ्हाइकं आणली. जाळी ऐकायला बाबांनंतर तूच शिकवलीस. दर वेळी चुकलो की माझ्या कपाळावर टिचकी मारून म्हणायचीस, "हे बघ, हे सैल." फोरमनला हे सांगायचं राहून गेलं.

त्या मोकळ्या जागेबद्दल तू मनात अढी धरून बसली आहेस, हे मला कळतं. कारखान्याशेजारी तुला नवी शेड घालायची होती. पण तुझा हिस्सा तुला पोचला, माझा मी घेतला, आणि कागदावर सही तुझीच होती, हेही विसरू नकोस. मला तुझ्याकडून काही नको. फक्त खुशाली कळवत जाईन.

तुझा,
धाकटा

शनिवार, २१ ऑक्टोबर

ताई,

इथल्या सगळ्या कागदांवर माझ्यापुढं 'गुंतवणूकदार' असं लिहितात. आपल्या शाळेत चौथीपर्यंत एकच गुरुजी आणि एकच खोली. गुरुजींनी हे वाचलं असतं, तर आधी माझा कान धरून विचारलं असतं, "कोणाची वही बघून लिहिलंस?"

परक्या माणसानं इथं कंपनी काढायची म्हणजे एक रीत आहे. आधी नाव मंजूर करून घ्यायचं, मग जागेचा भाडेकरार, मग भांडवल बँकेत ठेवायचं. ते बँक कुलपात ठेवते. शेवटी नोटरीसमोर स्थापनेचा करार झाला की कंपनी जन्मली. मग कुलूप उघडतं आणि राहायची परवानगी मिळते. माझी तात्पुरती परवानगी तीस नोव्हेंबरला संपते. तोवर करार झाला नाही, तर गाशा गुंडाळून परत.

पण काय शिस्त आहे! कचेरीत नंबराची चिठ्ठी घेतली, अकरा वाजून दहा मिनिटांनी या असं लिहिलं होतं, आणि अकरा दहाला खरोखर हाक आली. मी दोन डबे जेवण घेऊन गेलो होतो. सवय.

माझ्याबरोबर दुभाष्या असतो. आपल्याच भाषेचा, इथं चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. सरकारी शपथ घेऊन भाषांतर करतो. घड्याळ बघायची सवय अजून सुटलेली नाही. कुणी जास्त बोलायला लागलं की म्हणतो, "पुढचा थांबा घ्या, पुढचा थांबा."

कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "तुमच्या कंपनीमुळं इथल्या किती माणसांना काम मिळेल?"

"पहिल्या वर्षी तीन."

"कसली माणसं हवीत?"

"ऐकू शकणारी."

तो म्हणाला, "ऐकू तर सगळ्यांनाच येतं." मी पिशवीतून जाळीचे दोन नमुने काढले आणि त्याच्या टेबलावर ठेवले. त्यानं एक वाजवला, दुसरा वाजवला. पुन्हा पहिला. मग शेजारच्या बाईला बोलावून तिला वाजवायला लावलं. ती डोळे मिटून म्हणाली, "हा दुसरा मुका आहे." कारकुनानं फॉर्मवर तीन आकडा लिहिला आणि मला म्हणाला, "ही मात्र आमच्या कचेरीची आहे, तिला नेऊ नका."

कंपनीला बाबांचं नाव दिलं. यांच्या भाषेत त्याचा काही वाईट अर्थ होत नाही, एवढी खात्री करून त्यांनी ते मंजूर केलं. बाबांना आपलं नाव परक्या लिपीत बघून काय वाटलं असतं, या विचारात मी दोन थांबे पुढं गेलो. दुभाष्या संतापला होता. बसचा चालक प्रवासी चुकवत नसतो म्हणे.

नोटरीची तारीख दोन नोव्हेंबर. जागेच्या विक्रीचे कागद भाषांतर होऊन तिच्याकडे गेले आहेत. भांडवल कुठून आलं, हे दाखवावं लागतं. नियम आहे, बाकी काही नाही.

तुझा,
धाकटा

गुरुवार, २ नोव्हेंबर

ताई,

आज दुपारी नोटरीकडून आलो तो तसाच लिहायला बसलो आहे. खाली शिंप्यानं मशीन बंद केलंय, त्यामुळं खोली फार गप्प आहे.

नोटरीबाई साधारण तुझ्या वयाच्या. केस पांढरे, आखूड कापलेले. टेबलावर करार, एक पेन आणि पाण्याचा भरलेला तांब्या. मी पेन उचललं, म्हटलं कुठं सही करू? त्यांनी माझ्या हातातून पेन हळूच काढून घेतलं आणि आपल्या बाजूला ठेवलं. दुभाष्या म्हणाला, "इथं आधी वाचतात."

"वाचलाय की मी. तुम्हीच वाचून दाखवलात."

"तसं नाही. या मोठ्यानं वाचणार. सगळा. कायदाच आहे इथं. जो कागद सही करणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला नाही, तो कागदच नाही."

एकतीस पानं होती, ताई. बाईंनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक वाक्य त्या वाचणार, मग तेच दुभाष्या आपल्या भाषेत सांगणार, मग त्या माझ्या तोंडाकडे बघणार. मी "हो" म्हणायचं. मग पुढचं. पत्ता वाचला, घर क्रमांक वाचला, स्वल्पविरामावरसुद्धा थांबत होत्या. कुठंही घाई नाही, कुठंही पुटपुटणं नाही. सुरुवातीला मला हसू आलं. मग पाचव्या पानाच्या सुमाराला मी नीट बसलो. लहानपणी देवळात पोथी ऐकताना पाठ आपोआप सरळ व्हायची, तशी झाली. वाटलं, या बाई वाक्य वाचत नाहीत, माझ्यापुढं एकेक वस्तू मांडतात आणि विचारतात, ही तुमचीच ना? घेता ना? इतका मान मला कधी कुणी दिला नव्हता. आपल्याकडं कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला तो शिक्केवाला आठव. एका हातात चहा आणि दुसऱ्या हातानं ठपाठप. त्याला कागद उलटा दिला, तरी शिक्का सुलटा मारतो.

बाविसावं कलम आलं. दुभाष्यानं ते असं सांगितलं: "गुंतवणूकदार जाहीर करतो की, हे भांडवल ज्या मालमत्तेच्या विक्रीतून आलं, तिच्या सर्व सहमालकांनी तो व्यवहार समजून घेऊन आपखुशीनं संमती दिली होती."

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

एकवीस कलमांना हो म्हणत आलो होतो. बाविसाव्याचा हो तोंडातून बाहेर येईना. कलम मनात वाचलं असतं, तर येऊन गेला असता. मोठ्यानं वाचल्यावर ते वाक्य खोलीत उभंच राहिलं.

दुभाष्या कुजबुजला, "अहो, हो म्हणा. पार्किंगची वेळ संपतेय."

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मला विचारलं, "कळलं नाही, की पटलं नाही?"

म्हटलं, "कळलं."

त्यांनी पेनाला टोपण घातलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मला पुढचं वाचता येणार नाही." पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढं सरकवलं. मी ते सगळं प्यायलो. मग त्यांनी एक छापील कागद दिला. सहमालकानं करायचं निवेदन. तो कागद सही होऊन तीसच्या आत त्यांच्याकडं पोचला, तर करार पुढं वाचता येईल.

दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा त्या आणखी एक वाक्य बोलल्या. दुभाष्यानं ते मला जिना उतरल्यावर सांगितलं. "त्यांना सांगा, काहीही लिहून येऊ दे. खोटं तेवढं मी वाचत नाही."

तुझा,
धाकटा

रविवार, ५ नोव्हेंबर

ताई,

तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं हे पत्र सुरू केलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत मी चांगला दिसायला लागायचो. आता मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितो आहे. खाली शिंप्याला वाटत असेल, वर प्रार्थना चालली आहे.

तो मंगळवार होता. तू कडेच्या टेबलावर जाळी चिकटवत होतीस, हात कोपरापर्यंत चिकटानं भरलेले. मी नव्या वीज मीटरचे तीन अर्ज घेऊन आलो. मी म्हटलं, "ताई, सह्या." तू विचारलंस, "किती?" मी म्हटलं, "चार." तू हात फडक्याला पुसलेस आणि मी जिथं बोट ठेवलं तिथं सही करत गेलीस. आपल्या कारखान्यात एकानं आणलेला कागद दुसरा वाचत नाही. वाचला तर तो अपमान. बाबांच्या वेळेपासूनची ही रीत, आणि आपण तिचा अभिमान मिरवायचो. चौथा कागद मीटरचा नव्हता. तुझ्या वतीनं जागा विकायचं मुखत्यारपत्र होतं. बोट मी मुद्दाम मजकुरावर आडवं धरलं होतं.

तुला विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस. तुला शेड हवी होती. म्हणून विचारलं नाही. इतकं साधं आहे ते.

पण तू जे धरून बसली आहेस ते हे नाही, हे मला गेल्या गुरुवारपर्यंत कळलं नव्हतं, किंवा कळूनही मी कडेनं जात होतो. विकत घेणारा टेप घेऊन जागा मोजायला आला, तेव्हा तू मला एक शब्द बोलली नाहीस. नंतर मामांनी सगळ्यांना बसवलं, तेव्हा फक्त एवढंच विचारलंस, "मला हे वाचू दिलं होतं का?" सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ताईनं वाचूनच सही केली होती." मामा म्हणाले, "होतं असं. वयोमानानं विसरतं माणूस." दाजी काही बोलणार होते, तू त्यांना डोळ्यांनी थांबवलंस. मी गप्प बसलो. ज्या बाईला जाळीतला एक सैल धागा डोळे मिटून ऐकू येतो, तिला चार लोकांत विसरभोळी ठरवू दिलं. तिथून तू उठलीस ते आजवर.

जागा मी लबाडीनं घेतली, पण तुझा शब्द मी चोरला. जागेचा निम्मा हिस्सा तुझ्या खात्यात घातला. शब्दाचा निम्मा काही परत करता येत नाही.

मामांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात हेच लिहिलं आहे, आणि ते सगळ्यांना वाचून दाखवा असंही.

नोटरीबाईंचा छापील कागद सोबत जोडतो, भाषांतरासकट. त्यात लिहिलंय की तुला सगळी माहिती होती आणि तू खुशीनं संमती दिलीस. ते खरं नाही. त्यावर सही कर असं मी म्हणणार नाही. करू नकोस असंही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तीस तारखेला माझं इथलं सगळं संपतं. नोटरीबाईंचा पत्ता मागं लिहिला आहे. जे पाठवायचं ते थेट त्यांना पाठव, किंवा काहीच पाठवू नकोस. वाच मात्र. या वेळी मी बोट ठेवलेलं नाही.

तुझा,
धाकटा

रविवार, १९ नोव्हेंबर

ताई,

तुझ्याकडून काही नाही. तक्रार नाही करत, नुसतं कळवतो.

जाळी ताणायचं यंत्र बंदरावर आलंय. कंपनीच नाही, तर ते सोडवणार कोण? कारखान्यासाठी भाड्यानं ठरवलेल्या शेडचा मालक भला माणूस आहे. तो म्हणाला, "तीसपर्यंत किल्ली तुमच्याकडे राहू द्या." मी रोज जाऊन शेड झाडून येतो. रिकामी शेड झाडायला फार वेळ लागतो, मध्ये काहीच येत नाही त्यामुळं सगळीच झाडावी लागते.

तुझी भावजय काल फोनवर गॅस आणि गुडघ्याचं औषध एवढंच बोलली. ठेवता ठेवता म्हणाली, "ताई रोज जेवणं झाली की तो कागद काढून बसतात. दाजींना मोठ्यानं वाचायला लावतात. दाजी काल वैतागले, म्हणाले, 'सातव्यांदा वाचतोय, माझाच पाठ झाला.' तर ताई म्हणाल्या, 'मग पुन्हा वाचा. आता तरी अर्थाकडे लक्ष द्या.'"

मी फार दिवसांनी हसलो.

तुझा,
धाकटा

मंगळवार, २८ नोव्हेंबर

ताई,

काल सकाळी नोटरीबाईंचा निरोप आला. पाकीट आलंय, या. काय आलंय ते सांगितलं नाही. मी अंघोळ करून, हात जोडून गेलो. सही मागितली नाही देवाकडं, एवढंच म्हटलं की जे असेल ते नीट ऐकता येऊ दे.

टेबलावर तुझा कागद होता. छापील मजकुरावर तू एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली होतीस, पट्टी लावून. मागच्या कोऱ्या बाजूला तुझं अक्षर.

बाई म्हणाल्या, "नमुना भरलेला नाही. पण नियमाला जे हवं ते यात आहे. बँकेला विचारलं, त्यांना चालतं. मात्र हे कराराला जोडलं जाईल, म्हणून मोठ्यानं वाचावं लागेल. आणि तुमच्या भाषेत लिहिलंय, म्हणून आधी तुमच्या भाषेत." त्यांनी कागद दुभाष्यापुढं ठेवला. तो चष्मा लावून वाचायला लागला. चाळीस वर्षं बसचे थांबे पुकारलेला आवाज आहे तो. भिंतीपलीकडंही गेला असणार.

तुझं तुलाच काय सांगायचं! पण ते मला कसं ऐकू आलं, ते लिहून ठेवतो.

"मी या गृहस्थाची थोरली बहीण. छापील कागदात लिहिलंय की मला सर्व माहिती होती. नव्हती. मीटरच्या अर्जांत घालून माझी सही घेतली. मी वाचलं नाही, ही माझी चूक. वाचता येऊ नये अशी सोय केली, ही त्याची. नंतर मी विसरले असं त्यानं लोकांना सांगितलं. मी काही विसरत नाही. आता त्यानं ते कबूल केलं आहे, तेही विसरणार नाही."

दुभाष्या इथं थांबला. त्यानं घड्याळाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "वाचा."

"जागेतला माझा हिस्सा मला पोचला. त्याचा हिस्सा त्याचा आहे. त्यावर माझा कसलाही हक्क नाही, त्यानं तो कुठंही लावावा, माझी हरकत नाही. हे आज मी वाचून, समजून, शुद्धीवर लिहिते. राग माझा आहे. तो मी कुणाच्या नावावर करून दिलेला नाही.

"शेवटचं, तुमच्या देशाच्या माहितीसाठी. माझ्या भावाला काम येतं. त्याला तुमच्याकडं कारखाना काढू द्या. तो जाळी चांगली ताणतो. डावा खालचा कोपरा तेवढा दर वेळी त्याच्याकडून सैल राहतो, तो बघून घ्यावा."

मग बाईंनी त्याचं भाषांतर वाचलं. प्रत्येक वाक्य, तसंच सावकाश. 'राग माझा आहे' इथं त्या थांबल्या, मागे जाऊन ते पुन्हा वाचलं. मला वाटतं, ती दुसरी वेळ कायद्यासाठी नव्हती.

मग करारातली उरलेली कलमंही वाचून झाली. त्या म्हणाल्या, "बाविसाव्या कलमाच्या जागी हे पान कंपनीच्या स्थापनेच्या कराराला शिवलं जाईल. कंपनी असेपर्यंत ते तिथं राहील. सरकारी नोंदणीत कुणीही मागून वाचू शकेल. हे तुम्हाला मान्य आहे?"

उद्याचा गिरणीवाला वाचेल. बँकेचा माणूस वाचेल. मी ज्याला कामावर ठेवीन, तोही वाचू शकेल. मामांच्या बैठकीत होती त्याच्या दसपट माणसं, आणि बाबांच्या नावाखाली.

"मान्य आहे," मी म्हणालो.

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

"खरं आहे."

बाईंनी पेन उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं. चष्म्यावरून बघत विचारलं, "तो कोपऱ्याचा भाग कराराशी संबंधित नाही. तो वगळून घ्यायचा आहे का?"

मी म्हटलं, "नाही बाई. कोपऱ्यासकट सगळं खरं आहे."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

तुझा,
धाकटा